चौथा ठिपका

आप्पा, परवा मागाची खट्खट् ऐकली आणि तेव्हापासून तुम्हाला लिहायचं घाटत होतं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि मला आत्ता सुचतंय, बघा! शेजारच्यांनी जुना हातमाग विकायला काढलाय, गिऱ्हाईक तो चालवून बघत होतं. धोटा दोनदा इकडून तिकडं गेला असेल नसेल, माझ्या हातातलं वाटण तसंच राहिलं. अक्षर चौथीतलंच आहे, तेवढं चालवून घ्या.

त्या साली मी मराठी चौथी पास झाले, आणि मी हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेला बसायचं हे तुम्ही मला न विचारताच ठरवून टाकलंत. इकडं आईनं अक्कलकोटच्या मामाच्या मुलाशी माझं लग्न बोलून ठेवलेलं. चुलीपुढं तुमचं दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी आई म्हणाली, "साळंत नाव लागलं तर थांबते मी. न्हाय लागलं तर मग एक शबुद बोलायचा न्हाय." तुम्ही म्हणालात, "व्हय. न्हाय बोलत." दिलेला शब्द तुम्ही कधी मोडला नाहीत, तेच मला भोवलं.

मग दोन महिने तयारी. तुम्हाला स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण तयारीची रीत तुमची होती. मी पाटी घेऊन मागाशेजारी बसायचं. एवढ्या आवाजात गणितं सुटली तर परीक्षेत कुणी खोकलं तरी बिघडत नाही, असं तुमचं म्हणणं. लुगडं हातभर विणून झालं की काठाला गेरूचा ठिपका लावायचं काम माझं, आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत दहा गणितं. आपल्या अख्ख्या बोळात घड्याळ नव्हतं. मिलचा भोंगा होता आणि हे ठिपके. सकाळपासून चार ठिपके झाले की बाराचा भोंगा व्हायचाच. गणित चुकलं की मी रडकुंडीला यायची, तेव्हा तुम्ही मान न वळवताच म्हणायचात, "निधान, पोरी, निधान." तुमच्या कानडीत सावकाश. सुताची तार तुटली तरी तुम्ही ती कधी ओढायचा नाहीत. माग थांबवून टोक शोधायचं, गाठ मारायची, मग पुढं. "भ्यायासारखं हाय काय त्यात?" म्हणायचात. मी नाही म्हणून मान हलवायची. मला लई भीती वाटायची, आप्पा. अपूर्णांक बघितले की मी पाटी उगाच पुसत बसायची. पण तुम्ही इतके शांत की तुमच्यापुढं भ्यायचीसुद्धा लाज वाटायची. आपल्या घरात भीतीला जागाच नव्हती, मग ती मी ठेवायची कुठं?

परीक्षेचा दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. पेपर साडेबाराचा, शाळा दहा मिनिटांवर. तुम्ही सकाळपासून पुस्तक उघडू दिलेलं नाही. आई तेल चोपडून घट्ट वेणी घालते, दही-भाकरी पुढं ठेवते. मी विचारते, "आप्पा, जाऊ या का?" तुम्ही हसता. "आत्ताच जाऊन काय करती? तितं भेदरलेली तोंडं बघशील न् तूबी भेदरशील. भोंगा झाला की उठू." आणि पुन्हा खट्खट्. मी गेरूची वाटी घेऊन शेजारी बसते. बऱ्याच वेळानं तुम्ही एकदाच विचारता, "किती झाले गं?" विणलेलं कापड गुंडाळत जातं, ठिपके आत झाकले जातात, म्हणून हिशेब माझ्याकडंच. मी म्हणते, "तीन." "मग हाय की येळ," म्हणता आणि धोटा फेकता.

भोंगा झालाच नाही. पाण्याला गेलेली आई रिकामी घागर घेऊन पळत आली. "अवो, मिल बंद पडलीया! काम टाकून मानसं सकाळीच भाईर आली म्हनं. बारा कवाच वाजून गेले!" तुम्हाला घाई करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डोक्याला पटका न बांधता, माझ्या हाताला धरून तुम्ही भर रस्त्यातनं पळत सुटलात. शाळेतल्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. पेपर सुरू होऊन तास होत आला, आता कसं घेणार, म्हणाल्या. तुम्ही हात जोडलेत. "भोंगा झाला न्हाय, बाई." त्यांना काही कळेना. वाईट नव्हत्या त्या, पुढच्या वर्षी आणा म्हणाल्या. तुम्ही पुन्हा तेच, "भोंगा झाला न्हाय." मी जमिनीकडं बघत उभी होते.

पुढचं वर्ष कुठलं आलंय! आईनं मुहूर्त धरला, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. अक्षता पडल्यावर मात्र मला बाजूला घेऊन म्हणालात, "माझं चुकलं, पोरी. लवकर न्यायला पायजे हुतं. माझं निधानच नडलं तुला." पुढं माहेरी आले की दर खेपेला हेच. शेवटच्या आजारातसुद्धा हेच. आई सांगायची, तार तुटली की हल्ली हे ओढतात, कापडात गाठी येतात, गिऱ्हाईक नावं ठेवतं. मी ऐकायची आणि भाकरी थापायची. अक्कलकोटला सहा बाळंतपणं झाली, गणित कुणी विचारलं नाही. लेकींना शिकवीन म्हटलं होतं, तेही माझ्या हातात कुणी ठेवलं नाही.

हे पत्र टाकायचं कुठं, ते सोडाच. तुम्हाला आलेली पत्रं वाचून दाखवायची मीच. तुम्ही असताना लिहिलं असतं तर हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुमच्या तोंडाकडं बघत ते माझ्यानं झालं नसतं. तुम्ही "किती झाले गं?" विचारलंत ना, तेव्हा चार हात कापड विणून झालं होतं आणि भोंगा काही झाला नव्हता. तेव्हाच उठलो असतो तर वेळेत पोचलो असतो. नापास होऊन तुमच्यापुढं उभं राहायची छाती नव्हती माझी, म्हणून चौथा ठिपका लावलाच नाही, वाटी नुसती हातात धरून बसले. मोजण्यात मी चुकले नव्हते, आप्पा.