गुरुवारचा वेढा

चिरंजीव धाकल्यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. मी बरी आहे, म्हणजे या वयात जितकं दुखायला हवं तितकंच दुखतं. तुझी नवी कवळी बसली का, की अजून रुमालात गुंडाळून फिरवतोस? पत्र नेहमीप्रमाणे सूनबाई लिहिते आहे, तेव्हा अक्षर तिचं आणि अक्कल माझी. (हसते आहे. हसू दे.)

पत्रास कारण तूच. सूनबाईच्या वाढदिवसाला तू इतिहासाचा तो ग्रंथ पाठवलास. माणसाने छत्री पाठवावी, निदान कुकर. पोस्टमनने तो दारात ठेवला आणि कंबर धरून बसला. पण सूनबाई जिद्दीची. तिने शिकलेली माणसं गोळा केली आणि दर गुरुवारी आमच्या बैठकीत वाचनमंडळ सुरू केलं. एक निवृत्त न्यायाधीश, एक दातांचे डॉक्टर, त्यांची बायको आणि औषधांच्या दुकानाची मालकीण. ज्याने त्याने आपली प्रत घेऊन घरी वाचून यायचं, इथे कॉफी-केक घेत चर्चा करायची, असा नियम. पहिल्या गुरुवारी सगळे वाचून आले होते. ग्रंथ सगळ्यांना फार आवडला होता. फक्त राजा कोण आणि प्रधान कोण, यावर एकमत होईना, आणि दातांचे डॉक्टर ज्या सरदाराचं एवढं कौतुक करत होते ती नदी निघाली. तेव्हापासून इथेच, आळीपाळीने, मोठ्याने वाचायचं ठरलं.

मला अक्षरओळख नाही म्हणून केक कापायला बसवलं. पण खरं सांगू, मला ऐकायची गोडी लागली. वाक्यं अशी की डॉक्टरीणबाई सुरू करतात तेव्हा कॉफी वाफाळत असते आणि वाक्य संपेपर्यंत तिच्यावर साय धरते.

आता गंमत ऐक. त्यातल्या एका किल्ल्याला वेढा पडलाय, तो उठतच नाही. गुरुवार आला की तोच राजा तटावर आणि तेच उपाशी घोडे. मंडळींच्या लक्षात येईल तर शपथ. न्यायाधीश आधी म्हणाले, राजाने तह करायला हवा होता. पुढच्या खेपेला म्हणाले, तह करणं हा शुद्ध मूर्खपणा ठरला असता. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाले, आजचं प्रकरण मागच्या दोन्हींपेक्षा सरस आहे. पुस्तकातली खूण आठवडाभरात मागे कशी सरकते, देव जाणे. (सूनबाई, वर बघू नकोस, लिही.)

पण ती औषधवाली. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय तिला. परवा तिने केकची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, “हे घोडे आपण आधीच मारलेत.”

न्यायाधीश म्हणाले, “बाई, ते दुसरे घोडे असतील.”

ती ऐकेना. आता तिचं म्हणणं, ज्याने त्याने घरी वाचून महिनाअखेर ग्रंथ संपवावा आणि पुढचं पुस्तक तिच्या घरी घ्यावं. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. येत्या गुरुवारी हात वर करून ठरणार आहे. मला काही फरक पडत नाही म्हणा. म्हातारीला भिंतीकडे बघत बसायची सवय असते.

तुझ्या बायकोला विचारलं म्हणून सांग.

तुझी
ताई

ता. क. : तू आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवलास, त्याचा आता घरच्यांना काही उपयोग होऊ दे. मंडळाला चार ओळी लिही, की असा ग्रंथ एकेकट्याने वाचणं धोक्याचं असतं. तो एकत्र, मोठ्याने आणि तळटीपांसकट वाचावा. तळटीपा म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण पुष्कळ आहेत असं ऐकते. न्यायाधीशांच्या नावाने लिही, त्यांना हल्ली कोणी पत्र लिहीत नाही.

आणखी एक : केक जरा कोरडा होतो. सूनबाईचं मन मोडू नये म्हणून मी दोन तुकडे खाते.

मामा, सा. न. आई आत पडायला गेल्या आहेत, म्हणून हे माझं. त्यांनी सांगितलंय तसं पत्र कृपया लगेच लिहा. मात्र आईंना तुमचं उत्तर मीच वाचून दाखवते, तेव्हा पुढच्या ओळींचा त्यात उल्लेख नको. बाबा गेल्यापासून आई जेवायलाही खोलीबाहेर येत नव्हत्या. आता गुरुवारी दुपारपासूनच केस विंचरून, ठेवणीतली शाल घेऊन बैठकीत येऊन बसतात. खूण कोण हलवतं ते मला पहिल्याच वेळी कळलं, पानांत केकचे कण होते. पण त्यांना अंदाज येत नाही, थोडीच मागे नेतात. उरलेली मी नेते.