अर्धं वाक्य

प्रिय मुंगे,

तुझा भोंगा लिहितो आहे. हे नाव तूच मला ठेवलंस, आणि ते किती नेमकं आहे हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. कारखान्याच्या फाटकावर हजार माणसांपुढे तासभर कागदाशिवाय बोलणारा मी. पण तीन वर्षांत तुझ्या नावापुढे स्वल्पविराम दिला की हात तिथेच थांबायचा.

आधी घरचं सांगतो. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. आत्या अजूनही येताना स्वतःची उशी घेऊन येते. बाबा रोज सकाळी चित्रांची कार्डं घेऊन बसतात. बोलणं शिकवणाऱ्या बाई कप दाखवतात, बाबा 'खिडकी' म्हणतात, चूक त्यांची त्यांनाच कळते आणि ते कार्ड भिरकावून देतात. उजवा हात मांडीवर पडलेला असतो. जेवतात डाव्या हाताने. ज्या माणसाने आपल्या दोघांना बोलायला शिकवलं, त्याला मी परवा 'चमचा' म्हणायला शिकवत होतो. मला तोंड लपवायला जागा सापडेना.

आपलं जेवणाचं टेबल आठवतं? बाबांच्या चष्म्याचं ते पत्र्याचं घर? एकदा ठोकलं की मुद्दा मान्य, दोनदा ठोकलं की बाद. सायकल आधी कुणी चालवायची, कुत्रं पाळायचं की नाही, सगळे निवाडे तिथेच व्हायचे. तू खरं बोलून हरायचीस, मी रंगवून बोलून जिंकायचो. आपल्या घरी कुत्रं कधीच आलं नाही, तेही माझ्या वक्तृत्वामुळेच.

आणि त्याच कायद्याने आपण बाबांच्या हृदयाचा निवाडा करायला बसलो. दुसऱ्या कुठल्या घराने हा वेडेपणा केला नसता. त्याच रुग्णालयात, हृदयात नळ्या घालतात त्या खोलीत तू बारा वर्षं तंत्रज्ञ; मी चार पुस्तकं आणि चाळीस लेख वाचून आलेलो. मांडीतल्या धमनीतून नवी झडप बसवायची हे ठरलेलंच होतं. वाद होता तो जाळीचा. पलंगाच्या कडेला बसून तू स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून दाखवलंस : इथून एक बारीक नळी वर जाते, मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्यांच्या तोंडाशी दोन इवल्या जाळ्या उघडतात, जुन्या झडपेवरचा चुन्यासारखा थर फुटून तुकडे उडाले तर ते त्यात अडकतात, आणि काम झालं की जाळ्या मिटवून बाहेर काढतात. मी तुला उलटतपासणीत घेतलं. सगळ्यांनाच लागते का? तू प्रामाणिक. म्हणालीस, "प्रत्येकाला लागतेच असं नाही, दादा. जाणकारांतही यावर वाद आहे. पण बाबांच्या झडपेवर थर फार आहे. माझं ऐकशील तर घालून घेऊ."

'पण'च्या पुढचं मी कानांआड केलं. उभा राहिलो आणि भाषण केलं. भीतीचा बाजार, माणसाच्या शरीरावर चाललेली दुकानदारी, सगळं काढलं. शेजारच्या पलंगावरचा पेशंट सलाइन लावलेल्या हाताने टाळ्या वाजवायला निघाला होता. बाबांनी चष्म्याचं घर पलंगाच्या दांडीवर एकदा ठोकलं आणि हसत म्हणाले, "थोरला जिंकला." डॉक्टरांनी जाळीच्या कागदावर नकार लिहून घेतला.

एक तुकडा मेंदूकडे गेलाच; बाबा शुद्धीवर आले ते शब्दांशिवाय. जाळी असती तर हे नक्की टळलं असतं असं डॉक्टर तेव्हाही म्हणाले नाहीत, आजही म्हणत नाहीत. त्या वाक्याला धरून मी तीन वर्षं तरंगत राहिलो. भीती विकणाऱ्यांविरुद्ध मी आजही बोलेन. ते तत्त्व खोटं नव्हतं. खोटा मी होतो, आणि तो बाबांच्या पलंगापाशी नाही, बाहेरच्या बाकड्यांपाशी.

झडप बसवून झाल्यावर तू आत आवराआवर करत होतीस. आईने विचारलं, आत्याने विचारलं, जाळी का नाही घातली? आणि मी म्हणालो, "मुंगीच म्हणाली, प्रत्येकाला लागतेच असं नाही." शब्द तुझेच होते, एकही माझा नव्हता. समोरच्याचं अर्धं वाक्य उचलून त्याच्यावरच उलटवायचं, ही माझी सभेतली जुनी हातचलाखी. ती मी माझ्या बहिणीवर वापरली. तू बाहेर आलीस तेव्हा आत्या तुला म्हणाली, "घरचं माणूस आत असून काय उपयोग झाला गं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. महिन्याभरात दुसऱ्या गावच्या रुग्णालयात गेलीस, आणि आईला मी सांगितलं की मुंगीला तोंड दाखवायला लाज वाटत असेल.

इथवरचं पत्र मी काल रात्रीच्या जेवणाला टेबलावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. त्यासाठीच ते लिहिलं होतं. आरोप चारचौघांत केला, मग माफी बंद पाकिटात कशी मागू? मी बाकड्यांपाशी काय बोललो तिथवर आलो आणि बाबांनी डाव्या हाताने चष्म्याचं घर ओढून घेतलं. दोनदा ठोकलं. मग बोटाने कागद मागे न्यायची खूण केली. मी कागदावर वर सरकलो, तुझं वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी 'घालून घेऊ'पर्यंत पूर्ण. त्यांनी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि एकदा ठोकलं. आत्या ताटावरून उठून मोरीत गेली, नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली. आई एवढंच म्हणाली, "पत्र टाक आता, आणि शेवटी भाषण जोडू नकोस." म्हणून जोडत नाही. तू ये किंवा येऊ नकोस, तो निवाडा तुझा. त्यावर मी वाद घालणार नाही.

तुझाच,
हरलेला भोंगा