चिपाडाखालचे बटाटे

आई, बटाटे निघाले. तू जिच्यात कांदे पसरून ठेवायचीस ती निळी पाटी भरली आणि वर थोडे उरले. बाकी सगळं सांगायचंच आहे, पण आधी हे.

आता आम्ही नेरूळला राहतो, पप्पा आणि मी, तळमजल्यावर. कमरेमुळे पप्पांनी मार्केटातली गोणी उचलणं सोडलं. आमच्या पंपरूमच्या मागे जमिनीची एक पट्टी आहे. जमीन म्हणायची एवढंच, आहे नुसता भराव: मुरूम, फरशीचे तुकडे, सिमेंटचे घट्ट गोळे. सोसायटीच्या कमिटीनं तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं होतं. मी जाऊन ती जागा मागितली. घरी तीनदा घोकलेलं वाक्य तिथे गेल्यावर अर्धंच आठवलं, तरी मागितली. सेक्रेटरी काका हसले. म्हणाले, "मॅडम, तिथे कुदळ मारलीत तर कुदळ तुटेल." मी म्हटलं, कुदळ लागणारच नाही, मी खणणार नाहीये. "मग बटाटे काय वरून पडणार?" असं म्हणाले खरे, पण जागा दिली. महाशिवरात्रीपर्यंत. तोवर काही आलं तर पट्टी माझी, नाही आलं तर ब्लॉक.

पद्धत सोपी आहे. भरावावर पुठ्ठे अंथरले, त्यावर कंपोस्टचा थर, त्यावर डोळे फुटलेले बटाटे नुसते मांडले आणि वरून जाड पांघरूण घातलं. पप्पा खुर्ची टाकून बघत होते. "सरी न्हाई, वरंबा न्हाई. बटाट्याला गादीवर झोपवलंस व्हय गं? उशी पण दे की." पांघरुणाला पेंढा कुठून आणायचा, म्हणून स्टेशनबाहेरच्या रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली. तो फेकूनच देतो. चुकले ती इथे. मी ती ओली, ताजी, तशीच पसरली. गावाकडे उसाचं पाचट शेतात पसरतात हे मी लहानपणापासून बघितलेलं, पण पाचट म्हणजे वाळलेला पाला आणि चिपाडात रस उरलेला असतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. दोन दिवसांत आंबूस वास सुटला आणि मुंग्यांची रांग पंपरूमला वळसा घालून शेजारच्यांच्या ओट्यावर चढली. सेक्रेटरी काका दारात. "तुमच्या शेतीचं टेन्शन मला कशाला?" मी सगळी चिपाडं गोळा केली, बादलीत दोन पाण्यांत धुतली, गच्चीवर खडखडीत वाळवली आणि पुन्हा अंथरली. पप्पा वर येऊन म्हणाले, "तुझ्या आईनं तांदूळ बी एवढं धुतलं न्हाईत कधी." मला हसू आलं आणि मग तू साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचीस ते आठवलं. मुंग्या परत आल्या नाहीत.

कोपरखैरण्याची आपली खोली मला या सगळ्या दिवसांत फार आठवली. पलंगाखाली बटाटे, त्यावर पप्पांनी आणलेलं गोणपाट. मी तिसरीत असेन. डोळे फुटलेला एक बटाटा मी तुझ्याकडून मागून घेतलाय, तेलाच्या कापलेल्या डब्यात लावलाय आणि डबा खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलाय. शाळेतून आले की दप्तर न उतरवताच त्याच्याकडे जाते, चमच्यानं माती बाजूला करते, बघते, पुन्हा झाकते. रोज. मुळं आली होती, पांढरी, धाग्यासारखी, ती माझ्याच चमच्यानं तुटली. तू पोळ्या लाटतेयस. मागे न वळता म्हणतेस, "सारखं उकरून बघायला ते काय तुझं अक्षर आहे, खोडून परत काढायला? त्याला त्याचं काम करू दे की." मी रडले. मग तू लाटणं ठेवलंस आणि मला पलंगाजवळ नेलंस. गोणपाट न उचलता तू खाली हात घातलास आणि नुसत्या स्पर्शानं एक बटाटा काढून दिलास. म्हणालीस, अंगठा घासून बघ. साल सुटली तर कोवळा, टिकायचा नाही. नाही सुटली तर पिकलाय. उजेड कशाला दाखवायचा त्याला, हिरवा पडतो. माझ्या सगळ्या शिक्षणात ही पहिली गोष्ट जी मी पुस्तकातून घेतली नाही. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. पुढे कॉलेज झालं, नोकरी लागली, पण गॅस बंद केलाय की नाही ते बघायला मी अजून गेटपासून परत येते.

तर पाला मस्त वाढला. गुडघ्याएवढा, गर्द. आणि मग जानेवारी संपता संपता पिवळा पडायला लागला. आधी खालची पानं, मग सगळंच. सेक्रेटरी काका ब्लॉकवाल्याला घेऊनच आले. "मेलं ना हे? त्याची माणसं रिकामी आहेत, उद्याच काम उरकून टाकतो." पप्पांनी एक पिवळं पान चुरून टाकलं, म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं. मी म्हटलं, "मेलं नाही काका. वरचं काम संपलंय, खालचं चालू आहे. तुम्ही महाशिवरात्रीपर्यंतचा शब्द दिलाय. तोवर कुणी हात लावायचा नाही." या वेळी वाक्य अर्धं राहिलं नाही. ब्लॉकवालाच त्यांना म्हणाला, "राहू द्या ना साहेब, ताई एवढं सांगतायत तर." ते गेल्यावर पप्पा म्हणाले, "आईवानी बोललीस."

काल सकाळी आम्ही चिपाडं बाजूला केली. खोरं नाही, कुदळ नाही, नुसते हात. बटाटे कंपोस्टवर अलगद पडून होते, कुणीतरी आत्ताच आणून ठेवल्यासारखे. पप्पा मांडी घालून बसले, एकेक उचलून पुसायला गेले आणि थांबले. "पुसायचं काय? मातीच न्हाई की." जन्मभर मातीनं माखलेल्या गोण्या पाठीवर घेतलेला माणूस, त्यांना खरं वाटेना. आज महाशिवरात्र. जिरं, मिरची, दाण्याचं कूट घालून मी पातेलंभर भाजी केली, तुझ्यासारखी, शेवटी लिंबू पिळून. सेक्रेटरी काकांनी पंपरूमपाशी उभ्यानंच दोनदा घेतली. "ब्लॉक गेटकडे टाकू," म्हणाले, "तिथेच खड्डे जास्त आहेत." मग म्हणाले, "मानलं तुम्हाला. पानं पिवळी पडली तरी एकदाही उकरून बघितलं नाहीत." पप्पांनी मान डोलावली. मीही डोलावली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून सांगते. काका ब्लॉकवाल्याला घेऊन आले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी पट्टीपाशी बसले होते. चिपाडं उचलली नाहीत, उजेड आत जाऊ दिला नाही. फक्त कडेनं हात आत सरकवला, मनगटापर्यंत. एक हाताला लागला, थंड, मुठीएवढा. मी अंगठा घासला. साल सुटली. अजून कोवळा. हात तसाच बाहेर काढला, चिपाडं सारखी केली आणि घरी येऊन भात लावला.