पाय मागं घेऊ नका

आबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय. मी हितं आसामात बरा हाय. थंडी लई हाय, पण तुमी दिलेली घोंगडी पुरती. ताटात रोज भात. आईच्या भाकरीची आठवण येती.

फोनवर साखरेच्या गोळ्यांचं नाव काढलं की तुमी फोन आईकडं देता, म्हणून कागद घेतला. गोळ्या घ्या असं ह्यात लिहिणार न्हाय. डॉक्टरचं सांगून झालं, आईचं रडून झालं, माझं वरडून झालं. तुमचं एकच, "मला काय धाड भरलीय?"

लाल गाय व्याली का? काटेवाडीची आत्या येऊन गेली का?

आबा, आपली मेंढरं होती तवा सांज झाली की तुमी एकेकीचा पाय उचलून खूर बघायचा. मेंढी लंगडायच्या आधी काटा तुमच्या हाताला लागायचा. एक लंगडी तर भिगवणपासनं घरापतोर खांद्यावर आणली होती. तिला विचारलं न्हवतं.

आता आई सांगती, पायातली चप्पल निसटून मागं राहिली तरी तुमाला कळत न्हाय. रोज सांजचं तिला तुमचं तळपाय बघू द्या. एवढंच मागतो.

दिवाळीत निघताना मी पाया पडाय वाकलो, तर तुमी पाय खाटेखाली वढून घेतलं. "असू दे, असू दे," म्हणाला. मला वाटलं, लेक फौजी झाला म्हणून मान देताय. गाडीत बसल्यावर ध्यानात आलं, पायाला जखमेचा वास येत होता.

संक्रांतीला येतोय. आल्या आल्या पाया पडणार हाय. पाय मागं घेऊ नका.

तुमचा शंभूराज