अर्धवेळ सिस्टर

३ नोव्हेंबर, सोमवार

बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही केली. दर नोव्हेंबरला आपण जिवंत आहोत हे आपणच जाऊन सांगायचं. सही वाकडी आली. खिडकीतली बाई म्हणाली, ताई, मागच्या सालासारखी करा. दुसऱ्यांदा केली, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरून. चालली.

घरी ह्यांना म्हटलं, गर्दी होती. बाकी काही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी दवाखान्याच्या डॉ. मॅडमचा फोन. आपल्याच दवाखान्यात सिस्टरची जागा रिकामी आहे, नवीन माणूस येईपर्यंत निवृत्त सिस्टरला करारावर घेता येतं म्हणाल्या. आठवड्यातून तीन दिवस. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी. मानधन मिळेल. नाव पाठवू का?

विचार करते म्हटलं. फोन ठेवला आणि उगंच ओसरीतून परसात, परसातून ओसरीत. निवृत्त होऊन दोन दिवाळ्या झाल्या. बाजारात कुणी ‘सिस्टर’ म्हटलं की अजून मान वळते.

हे पुढच्या खोलीत मशीनवर होते, ब्लाऊजला हातशिलाई चाललेली. सांगितलं. मान वर न करता म्हणाले, “जाय की.”

८ नोव्हेंबर, शनिवार

शेजारचे पाईकराव भाऊ आले होते. निवृत्त ग्रामसेवक, त्यांना सगळे नियम पाठ. निदान त्यांना तसं वाटतं. म्हणाले, पुन्हा हजेरीला सही केली की पेन्शन थांबते. थांबली न्हाई तरी तिच्यावरचा महागाई भत्ता जातो. सरकार एका माणसाला दोन ताटं वाढत न्हाई, वहिनी.

त्यांच्या ओळखीतल्या कुणाचं तरी झालं म्हणे. नाव विचारलं तर आठवेना.

तरी घोर लागलाच. ह्यांच्याकडं आता शिवायला फार येत नाही, सगळे तयार घेतात. घर पेन्शनीवर आहे. ती हलली तर…

सोमवारी हिंगोलीला जाऊन विचारून येणे.

१० नोव्हेंबर, सोमवार

हिंगोली. कोषागारात गेले. मनात धरून होते की चार टेबलं फिरवतील. तसं काही झालं नाही. पेन्शनच्या टेबलावरच्या बाईनं खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्या लेकीच्या वयाची. सगळं ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं. नियमित पगारावर, वेतनश्रेणीत कुणाला परत घेतलं तर त्याचा हिशेब वेगळा होतो, लोक तेच ऐकून घाबरतात. तुमचं करारावर. पेन्शन चालू राहते, महागाईही राहते, मानधन त्याच्याशिवाय. फक्त या दिवसांची नोकरी पेन्शनीत धरत नाहीत, आणि मला कायम करा म्हणून पुढं हक्क सांगायचा नाही. तसं लिहून द्यायचं. मागं कसली चौकशी चालू नको, वय मर्यादेत हवं.

चौकशी नाही, वयही बसतं. इतकं हलकं वाटलं की तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला.

मी उठले तेव्हा म्हणाली, “आणि मावशी, जिल्ह्याच्या दवाखान्यातून शारीरिक योग्यतेचा दाखला लागेल. बाकी काही न्हाई.”

येताना गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. दोन्ही हात पदरात घेऊन बसले. बाहेर हळदीची वावरं, अजून हिरवीगार. पण कशात मन लागलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमनी सहज या म्हटलं म्हणून लसीकरणाला जाऊन बसले. ओटा भरलेला. आशाताई कांताबाई लांबूनच “जयभीम सिस्टर” करत आली. तिनं सगळ्या बायांना सांगून ठेवलं आहे की मी परत येणार. एकीचं पहिलं लेकरू टोचायला मीच घेतलं होतं, आता ती दुसरं घेऊन आली. माझ्या मांडीवरच ठेवलं. “तुमीच टोचा, सिस्टर. तुमच्या हातचं दुखत न्हाई.”

एकच नर्स, घामाघूम झालेली. तिनं सिरिंज भरून माझ्यापुढं धरली.

माझा हात पुढं गेला आणि मीच बघितलं. बोटं थरथरत होती. पानाला वारा लागावा तशी, बारीक.

म्हटलं, ऑर्डर नसताना सुई हातात घ्यायची नाही, नियमात बसत नाही. नर्सला पटलं. मॅडम म्हणाल्या बराबर आहे, माझंच चुकलं. लेकरू नर्सकडं दिलं.

नियमाचं बरं झालं. खरं कारण कुणी विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दादाची आठवण दिवसभर. माझा थोरला भाऊ, जवळा बाजारला असायचा. कंपवात. त्याचंही हातापासूनच सुरू झालं होतं. आधी विडी पेटवताना काडी विझायची, आम्ही हसायचो. मग ताटातला घास तोंडापर्यंत जाईना. शेवटी मीच भरवायचे, रजा टाकून जायचे. एवढा मोठा माणूस, तोंड उघडून माझ्याकडं बघत बसायचा.

मला कोण भरवणार, असं आलं मनात. ह्यांचंच वय काय कमी आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमना फोन करून नको सांगितलं. पोरगी म्हणते आता आराम कर, असं म्हटलं. पोरगी नांदेडला, तिला यातलं काहीच माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, नाव आधीच पाठवलंय, महिनाअखेरपर्यंत काढत नाही. तुम्ही पुन्हा विचार करा.

संध्याकाळी कांताबाई घरी आली. तिच्या वस्तीवरची एक पोटुशी पोरगी तपासणीला यायला तयार नाही, तिच्यासाठी मला न्यायला आलेली. मी नाही येत म्हटल्यावर खूप वेळ बसून राहिली. चहाही घेतला नाही. जाताना म्हणाली, “काहून न्हाई ते तरी सांगा, सिस्टर.”

त्या पोरीला माझं नाव सांगून घेऊन जा, म्हटलं. जाईल का, कोण जाणे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज ह्यांनी मशीन बंद केलं आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. कधी बसत नाहीत असे.

दाखल्यालाच भिऊन राहिली ना, म्हणाले.

मी उठायला लागले. तर म्हणाले, “मला दिसत न्हाई का? उन्हाळ्यापासून तुजा चहा मी अर्धाच ओतून राहिलो. सांडू नये म्हणून.”

खरंच. मला वाटायचं दूध कमी पडतं म्हणून.

मग मी रडले. दादाचं बोलले, भरवायचं बोलले. सगळं बाहेर आलं. माझं झाल्यावर हे म्हणाले, “जे असल ते असल. नोकरी गेली खड्ड्यात. पण दाखवून येऊ. मी संगं येतो.”

तीस-पस्तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले. अंगावर काढू नका, दाखवून या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोघं हिंगोलीला. जिल्ह्याच्या दवाखान्यात रांग, पण डॉक्टर घाईचे नव्हते. फिटनेससाठी आले म्हटलं आणि त्यांनी बीपीचा पट्टा उचलायच्या आत दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. म्हटलं, आधी हे बघा.

त्यांनी हात ताणून धरायला लावले. पालथ्या पंजांवर एक कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. माझी नजर भिंतीवर. मग म्हणाले, हात मांडीवर सैल सोडा. सोडले. ते वाकून बघत राहिले. मग मला चालवलं, वळवलं. कोपरात हात वाकवून बघितला. गळ्याला बोटं लावून म्हणाले गिळा.

मग विचारत सुटले. वजन उतरलं का? व्हय, ब्लाऊज सैल झालेत. हे मध्येच म्हणाले, मीच आत घेतलेत, दोनदा. थंडी वाजते का? न्हाई, हे गोधडी घेतात आणि मी पंखा लावते. छातीत धडधड? व्हय. झोप? कमी.

डॉक्टर म्हणाले, सिस्टर, हे मला कंपवातासारखं वाटत नाही. त्यात हात सैल ठेवला की थरथर वाढते, तुमची थांबते. रक्त तपासू, मग बोलू.

रक्त दिलं. शनिवारी या म्हणाले.

बाहेर येऊन स्टँडवर आम्ही भजी खाल्ली. उगंच आशा लावून घ्यायची नाही, असं दोघांनीही मनात ठरवलेलं असावं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

थायरॉईड.

थायरॉईड वाढलेला. हातांची थरथर त्याची, धडधड त्याची, वजन त्याचं. गोळ्या आहेत. बऱ्या व्हाल म्हणाले, फक्त गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत आणि रक्त तपासत राहायचं.

मी दोनदा विचारलं, कंपवात नाही ना? दोनदा म्हणाले, नाही.

मग जरा चाचरत म्हणाले, फिट मात्र आज लिहिता येणार नाही. सध्या अनफिट लिहितो, सहा आठवड्यांनी परत या. नियम आहे, मी काय करू.

लिहा, लिहा म्हटलं. त्यांना वाटलं असेल ही बाई येडी झाली. तो अनफिटचा कागद मी बक्षिसासारखा दोन्ही हातांत धरून बाहेर आणला. हे बाकड्यावरून उठले. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. टोपी काढून त्यांनी उगंच तोंड पुसलं.

घरी येऊन पोरीला फोन. सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग चिडली. तिचं चिडणंही गोड लागलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमकडं जाऊन खरं काय ते सांगितलं. हात दाखवले. त्या डॉक्टर, त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, त्या दिवशी सुई घेतली नाहीत ते तुम्ही योग्यच केलंत. पण सहा आठवडे जागा थांबवता येणार नाही. कळमनुरीच्या एका निवृत्त सिस्टरचाही अर्ज आहे.

त्यांना घ्या म्हटलं. मनापासून म्हटलं. इथं रोज लेकरं येतात, ती माझ्या गोळ्यांसाठी का थांबतील.

कांताबाई दारात भेटली. तिलाही सांगितलं. ती मला धरूनच उभी राहिली. मग म्हणाली, ती पोरगी आली तपासणीला. आता तिच्या सासूला घेऊन आत बसलीय.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विहारात वंदनेला. पांढरी साडी. मेणबत्ती एका हातात धरली. थरथर आहे, पण कमी. धडधड जवळजवळ नाही. रात्री गोधडी घेतली, हे हसले.

१५ डिसेंबर, सोमवार

कळमनुरीच्या सिस्टर रुजू झाल्या. आज बाजारात भेटल्या. शांत बाई, माझ्याहून थोड्या मोठ्या. कोणत्या वस्तीवर कोण अडून बसतं ते त्यांना सांगत उभी राहिले, भाजी तशीच राहिली. वाईट वाटेल असं वाटलं होतं. थोडं वाटलं. घरी येईपर्यंत गेलं.

पाईकराव भाऊंना कोषागारातलं सगळं समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आता तसं झालं असल. आमच्या वक्ताला न्हवतं.” असेलही.

२ जानेवारी, शुक्रवार

हिंगोली. रक्त पुष्कळ सुधारलं. पंजांवर कागद ठेवला, गप पडून राहिला. डॉक्टरांनी ‘फिट’ लिहिलं. गोळ्या चालूच, तीन महिन्यांनी परत तपासणी.

जागा नाही, तरी दाखला घेतला. घ्यावासा वाटला.

येताना ह्यांना म्हटलं, नोकरी नसली तरी चालेल मला आता. हे म्हणाले, “मंग डोळे काहून पुसून राहिली?” वाऱ्यानं, म्हटलं. खिडकी बंद होती.

६ जानेवारी, मंगळवार

मॅडमचा फोन. जवळा बाजारच्या बाजूला एका उपकेंद्रात कुणीच नाही. आठवड्यातून दोनच दिवस, करार तसाच, मुदत थोडी. लांब आहे, दोन गाड्या बदलाव्या लागतील. माझं नाव त्यांनी सुचवलंय. चार दिवसांत कळवा म्हणाल्या.

जवळा बाजार. दादा गेल्यापासून त्या रस्त्याला गेले नाही.

गुडघे आहेत, गोळ्या आहेत. थंडीत पहाटे निघावं लागेल. ह्यांचं जेवण. नको म्हणायला सगळी कारणं आहेत, आणि यावेळी सगळी खरी आहेत. पण दिवसभर एकाही कारणाची भीती वाटली नाही. हे निराळंच.

पोरगी म्हणते, आई, तुझं तू ठरव.

९ जानेवारी, शुक्रवार

अजून कळवलं नाही. उद्यापर्यंत वेळ आहे.

हे सकाळी बटणं आणायला म्हणून गेले ते दुपारीच आले. बटणं आणली नव्हती. जेवताना आपणहून सांगितलं, स्टँडवर बसलो होतो. हिंगोलीहून पुढची गाडी बराबर मिळते, कंडक्टरला विचारलं. परतीची जरा उशिरा आहे, पण जवळा बाजारच्या स्टँडवर सावलीला बसायला जागा आहे म्हणतो.

मी त्यांना काही विचारायला सांगितलं नव्हतं.

भाकरी वाढली आणि म्हटलं, आधी जेवा.