एकतीस वह्या, जशाच्या तशा

मी, बनुबाई भ्रतार नाथाजी घार्गे, वय सुमारे छप्पन, धंदा शेती व घरकाम, राहणार औंध, तालुका खटाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा गेल्याच महिन्यात बदलला आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट लिहू नकोस म्हणणारेच पुष्कळ भेटले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर यजमानांनी पलटणीतून आल्यावर बांधले व माझ्या नावे केले. ते माझा एकुलता मुलगा जालिंदर, सांगलीस कचेरीत कारकून, यास मिळावे. अट कलम चारमध्ये आहे. ती वाचल्याशिवाय किल्ली मागू नये.

२. म्हैस शेजारच्या चंद्राबाईस द्यावी. माझ्याशिवाय ती फक्त तिच्याच हाताला पान्हवते. पुतळ्यांची माळ सून अंबूबाईस. जालिंदरने ती मोडायला मागू नये. मागितली तर अंबूबाईने "न्हाई" म्हणावे, हे मी तिला शिकवून ठेवले आहे.

३. यजमानांच्या काळ्या ट्रंकेत माझ्या एकतीस वह्या आहेत. त्या का झाल्या, ते इथेच लिहिते, म्हणजे मागाहून कोणी आपल्या मनचे सांगायला नको.

यजमान इटलीच्या लढाईवर असताना, सन १९४४ च्या माघात आमची सोना गोवराने गेली. चार वर्षांची होती. मला तेव्हा अक्षर येत नव्हते. माझी पत्रे धाकटे दीर सयाजी लिहीत, आलेली तेच वाचून दाखवीत. मी म्हणाले, "भावजी, सोना गेली म्हणून ल्ह्या." त्यांनी मान हलवली आणि लिहिले, इकडे सर्व खुशाल. लढाईवरच्या माणसाला घरचे वाईट कळवायचे नाही, हा आमच्याकडचा रिवाज आणि सासऱ्यांचा हुकूम. तिकडून येणाऱ्या पत्रांत सोनाची चौकशी असायची, तीही भावजी वाचताना सोडून देत.

मला यातले काही ठाऊक नव्हते; दोन वर्षे मी समजत होते, ह्या माणसाला लेक गेल्याचे काहीच नाही. मी मनातून त्यांना तळतळाट दिला. सन १९४६ ला ते आले. पिशवीतून लाल लोकरीचा फ्रॉक काढला, सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचा, आणि म्हणाले, "सोना कुटं हाय गं? लय वाढली आसंल." मी फ्रॉक घडी करून परत पिशवीत ठेवला, तेव्हा त्यांना कळले. त्यांना वाटले, मीच लपवले. मला वाटले, हे नाटक करतात. आम्ही एका घरात आठ महिने परक्यासारखे राहिलो.

त्याच साली मी शाळेतल्या मास्तरांच्या पत्नी मनुबाईंकडे जाऊन पाटी धरली. लोक हसले. हसू देत. पहिल्या वहीचे पहिले पान असे आहे: "सोना गेली. म्या कळवा म्हनले हुते. कळवलं न्हाई." ते पान यजमानांनी वाचले आणि लहान पोरासारखे रडले. तेव्हापासून ते जाईपर्यंत आम्ही कधी अबोला धरला नाही. रोज दिवा लागायच्या आत मी वहीत लिहिते. ज्या दिवशी काही घडले नाही, त्या दिवशी तेही लिहिले आहे.

४. आता जालिंदर. गेल्या दिवाळीत तो म्हणाला, "आये, वह्या सांगलीला नेतो. चांगल्या अक्षरात उतरून काढतो. घरातलं वाकडंतिकडं तेवढं गाळतो, मग ह्या बंबात घालू." मी म्हटले, "गाळायचं आसलं तर च्या गाळ." तो हसला. मी हसले नव्हते.

बाळा, तुझा हेतू वाईट नाही. भावजींचाही नव्हता. म्हणून अट घालते: वह्यांतले एक पान फाडू नये, एक ओळ खोडू नये, बंबात किंवा माझ्या चितेवर ठेवू नयेत, रद्दीत देऊ नयेत. ट्रंकेची किल्ली अंबूबाईकडे राहील. ज्याला वाचायच्या त्याने इथे बसून वाचाव्यात. तुझ्याबद्दलही त्यात आहे, सगळे गोड नाही. अट मोडलीस तर घर अंबूबाईच्या नावे होईल. मी हे रागाने लिहीत नाही. पक्के ठरवून लिहीत आहे.

५. दीर सयाजी यांस मी काही ठेवत नाही. तीस वर्षे त्यांना जेवायला वाढले, पण माफ केले नाही. वकिलांनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे ऐकून मला बरे वाटले, कारण साक्षीदार मला तेच हवे आहेत. भावजी, हा कागद तुम्ही मोठ्याने वाचा, आणि खाली जे लिहायचे ते स्वतःच्या अक्षरात लिहा. मी काही सांगणार नाही.

वरील मजकूर माझा, मी लिहिला, मला मान्य.

मुक्काम औंध, तारीख ९ मार्च १९७६.

(सही) बनुबाई नाथाजी घार्गे

साक्षीदार पहिला: आकाराम धुळा खाडे, राहणार औंध. बनुबाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: सयाजी गुंडा घार्गे, राहणार औंध. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. सगळा कागद मी मोठ्याने वाचला, काही सोडले नाही. बाबांनी सांगितले हे खरे, पण हात माझा होता. जे तेव्हा लिहायचे होते ते आज लिहितो. दादा, सन १९४४ च्या माघात आपली सोना गेली. वहिनी तुला कळवा म्हणत होत्या. (सही)