पत्रकातून गाळलेलं वाक्य

प्रिय चिमणे,

तुझा पत्ता कँटीनच्या काकूंनी दिला. तू भावाकडे राहतेस, तिथल्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतेस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. फोन करणार होते. दोनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. बोलायला गेले की मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते, म्हणून लिहिते आहे.

माझं बरं चाललंय. बरं म्हणजे जेवते, झोपते, वेळेवर ऑफिसला जाते. डॉक्टरांना जाऊन चौदा महिने झाले. दवाखान्याची जागा सोडली आणि सामान घरी आणलं, तर त्यात पेशंटांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे निघाले, तीन खोकी. टाकून देववत नाहीत, म्हणून बाहेरच्या खोलीत कपाटावर मांडून ठेवलेत. नवरा गेल्यावर घरात बोलायला माणूस नाही, पण बत्तिशा शंभरेक आहेत. अजून कधीमधी फोन येतो, डॉक्टर कधी भेटतील म्हणून. मी दवाखाना बंद झाला एवढंच सांगते. पुढचं सांगितलं तर पलीकडचा माणूस हळहळणार आणि मलाच त्याची समजूत घालावी लागणार. बहीण म्हणते, एकदा पोटभर रडून घे. रडू येत नाही गं. डॉक्टरांनी एकदा माझी दाढ काढली होती. भुलीचं इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही. तसं आहे सगळं. फक्त भूल उतरायचं नाव घेत नाही.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा घरी जेवायला आली होतीस तेव्हा उपग्रहाने टिपलेल्या लहरींचा आवाज मोबाइलवर लावला होतास? अंतराळातल्या त्या विद्युत-चुंबकी लहरी स्पीकरवर ऐकल्या की झाडावर शंभर पाखरं किलबिलावीत तशा ऐकू येतात. डॉक्टर हातातला घास तसाच धरून ऐकत बसले आणि त्या दिवसापासून तुला चिमणी म्हणायला लागले. नंतर त्यांनी तुझी उलटतपासणी घेतली. पृथ्वीच्या चुंबकी पट्ट्यात अडकलेले ते इलेक्ट्रॉन, उत्तर टोकाकडून दक्षिण टोकाकडे आणि परत, एका सेकंदात कितीतरी वेळा हेलपाटे घालणारे; त्यांचं ही किलबिल काय बिघडवणार, असं त्यांचं म्हणणं. तू म्हणालीस, झोक्यावरच्या पोराला दर खेपेला बरोबर वेळ साधून हलकासा धक्का दिला तर झोका किती उंच जातो, तसंच हे. ज्यांची लय लहरीशी जुळते त्यांना ती वेग देत जाते, आणि काहींची वाट अशी बदलते की ते खाली हवेत येऊन संपतात. एकच लहर, कुणाला चढवते, कुणाला पाडते. डॉक्टर म्हणाले, ही मुलगी तुझ्यापेक्षा चांगलं समजावते. मला तेव्हा जरासा राग आला होता. आज सांगून टाकते.

आता त्या आठवड्याबद्दल. डॉक्टर गेल्यानंतरचा तो विसावा दिवस. मी आठव्याच दिवशी कामावर आले होते, तुम्हाला सगळ्यांना वाटलं केवढी खंबीर बाई. खंबीर कसली, घरात बसवत नव्हतं इतकंच. आपल्या केंद्रातून उपग्रह चालवणाऱ्यांना दुपारी जाणारं अंतराळातल्या हवामानाचं पत्रक तू तयार करून माझ्या टेबलावर ठेवलंस. सूर्याकडून आलेलं वादळ अगदी किरकोळ होतं. पहिली तीन वाक्यं नेहमीची होती. चौथं तुझं होतं: वादळ लहान असलं तरी लहरी दोन दिवस थांबलेल्या नाहीत, येत्या अठ्ठेचाळीस तासांत अतिवेगवान इलेक्ट्रॉन कित्येक पटींनी वाढतील, सावध राहावे.

ते वाक्य मला पटलं होतं, चिमणे. तुला कदाचित वाटत असेल की मी ते चूक समजून काढलं. तसं नाही. लहरींचा आलेख मी पाहिला होता आणि तुझं बरोबर आहे हे मला दोन मिनिटांत कळलं होतं. पण ते वाक्य ठेवलं असतं तर नियमाप्रमाणे मला चार ठिकाणी फोन करावे लागले असते. एवढ्याशा वादळाला का घाबरायचं, असं ते विचारणार, मी समजावणार, ते वाद घालणार. माझ्यात चार माणसांशी बोलायचं त्राण नव्हतं. मी वाक्य खोडलं, सही केली आणि खिडकीबाहेर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसले. जे झालं ते इतकंच.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक उपग्रह कायमचा बंद पडला. इलेक्ट्रॉन पत्रा भेदून आतल्या वायरींच्या वेष्टनात साचले आणि ठिणगी पडली. समुद्रावरच्या होड्यांना हवामानाचे निरोप त्याच्यावरून जायचे. सगळ्या होड्या परत आल्या, त्यातली एक होडी दीड दिवस उशिरा. कुणी मेलं नाही, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्याला काही अर्थच उरलेला नाही.

चौकशीच्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, इशारा देणारा काही मजकूर कुणी लिहिला होता का. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, “माझ्यापर्यंत आला नाही.” आणि तू टेबलाकडे बघत म्हणालीस, “माझ्या लक्षातच आलं नाही, सर.” महिन्याभराने तू राजीनामा दिलास. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, जेवत जा ताई. मी मान डोलावली. तू जिना उतरून गेलीस आणि मी पुढची फाइल उघडली.

एवढं होऊनही मी गप्पच राहिले असते, खोटं कशाला बोलू. पण मागच्या मंगळवारी नव्या भरतीतल्या मुलामुलींना शिकवायची पाळी माझी होती. शिकवायचा मजकूर वरून तयार होऊन आला होता, त्यात आपला तो आठवडा उदाहरण म्हणून घातलेला. पडद्यावर लिहिलेलं, लहरींच्या नोंदींकडे ड्यूटीवरच्या तज्ज्ञाने दुर्लक्ष केले. खाली तुझं पूर्ण नाव. मी लहरी समजावल्या, तुझा झोकासुद्धा सांगितला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, एवढं साफ दिसत असताना त्यांना दिसलं कसं नाही?” ती काही टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, “त्यांना दिसलं होतं.” मी पडदा बंद केला, तास संपवला आणि तशीच अध्यक्षांच्या खोलीत गेले. तू तेव्हा मेलनेही पाठवलेल्या मसुद्याची फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर होती, तारखेसकट. ती दिली आणि निवेदन लिहून दिलं. अध्यक्षांनी विचारलं, एवढे दिवस का थांबलात. म्हटलं, माहीत नाही. मला वाटलं होतं हलकं वाटेल. काहीच वाटलं नाही. खाली आले, काकूंनी चहा दिला, प्यायले.

तर हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागायला आधी काहीतरी वाटावं लागतं, ते जेव्हा वाटेल तेव्हा मी तुझ्या दारात येईन. तू दार उघड किंवा उघडू नकोस. पत्र यासाठी की सोमवारी सकाळी चौकशीवाले तुला फोन करतील आणि विचारतील, मसुद्यात ते वाक्य तू लिहिलं होतंस का. मला तुझा स्वभाव माहीत आहे. ताईंच्या घरी तेव्हा दुःख होतं, असं म्हणून तू पुन्हा एकदा सगळं स्वतःच्या अंगावर घेशील. तसं करू नकोस. नुसतं हो म्हण.

तुझीच,
ताई